राखून ठेवलेली चूक

आई गेल्यावर बाबा एकटे पडले, म्हणून मी पुण्याहून कोकणात, आमच्या गावी वालावलला परतले. बाबा जहाजावरचे निवृत्त खलाशी. दिवसाला दहा वाक्यं पुरवून वापरणारे. कंपनीने घरून काम करू दिलं. आमचं नवं नेटवर्क कार्ड लोकांच्या संगणकांत चालायचं, तर ते चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, कर्नलमध्ये जायला हवा होता. कर्नल हा एका खुल्या संगणकप्रणालीचा गाभा. जगभरची माणसं तो मिळून लिहितात आणि ईमेलवर एकमेकांचं काम तपासतात. ड्रायव्हर मी एकटीने लिहिला होता. अकरा हजार ओळी, दोन वर्षं.

मी तो सगळा एकदम पाठवला. तीन आठवडे कोणी हूं की चूं केलं नाही. मग एका परदेशी तपासनीसाचं उत्तर आलं: एवढं एका दमात वाचता येणार नाही, तुकडे करा, आणि प्रत्येक तुकडा सुटा तपासता यायला हवा. माझं डोकंच फिरलं. माझी दोन वर्षं म्हणजे काय कोहळा आहे, फोडी करायला? पण अडला हरी. केले सतरा तुकडे.

त्याने ते सतराही वाचले, ओळ न् ओळ. हा आकडा कुठून आला, इथे थांबायचं कारण काय. मी फणकारून उत्तरं द्यायचे. बहुतेक वेळा त्याचंच बरोबर निघायचं, ते आणखी झोंबायचं.

बाबा त्याला मास्तर म्हणत. "मास्तरान काय लिवल्यान गो आज?"

"बारा चुको काढल्यान."

"बरो आसा. वाचता तरी."

तेवढं मात्र खरं होतं. गावातली माणसं माझ्याशी बोलायची ती लग्नाचं, नाहीतर बाबांच्या गुडघ्याचं. मी काय करते ते समजून घेऊन त्यावर भांडणारा हा एकच माणूस होता, आणि त्याचा चेहराही मला ठाऊक नव्हता. एकदा पावसात फोनची लाईन दहा दिवस बंद पडली. उशिराचं कारण मी कळवलं, तर त्याने हरकतींखाली एक ओळ जोडली: तुमच्याकडे इतका पाऊस पडतो? ती ओळ मी किती वेळा वाचली, ते सांगायला लाज वाटते.

सुधारून पुन्हा पाठवायच्या सातव्या फेरीत नऊ हरकती आल्या. मी आठ निस्तरल्या. नववी अगदी क्षुल्लक होती. प्रोग्राममधल्या एका नुसत्या आकड्याला, तो कशाचा ते कळेल असं नाव द्यायचं होतं, दोन मिनिटांचं काम. ती मी मुद्दाम ठेवली. ड्रायव्हर बिनचूक झाला की पत्रं थांबणार, हे मला कळत होतं. "तिसऱ्या तुकड्यातला आकडा राहिला," त्याने लिहिलं. आठव्या फेरीत मी भलतंच काहीतरी सुधारलं आणि आकडा पुन्हा तसाच ठेवला. कंपनीतून फोन यायचे, अजून किती? मी सांगायचे, तो माणूस फार चिकित्सक आहे.

मग त्याचं दोन ओळींचं पत्र आलं. "आकड्याला मीच नाव दिलं, ड्रायव्हर कर्नलमध्ये घेतला आहे. आभार."

मी टेबलावर डोकं टेकून रडले. बाबा येऊन मागे उभे राहिले.

"परत धाडल्यान?"

"नाय बाबा. घेतल्यान."

"मगे रडतंस कित्याक?"

आनंद झाला म्हणून, असं मी सांगितलं. त्यांनी ते खरं धरलं, आणि दुखरा गुडघा धरत देवळात नारळ द्यायला निघाले.