हात धुऊन आत या

दामोदर गेल्याचं त्याच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, सकाळी फोनवर सांगितलं, तेव्हा मी शाळेला निघायच्या गडबडीत होतो. झोपेतच हृदयानं दगा दिला होता. त्याला आता महिना उलटून गेला, तरी संध्याकाळ झाली की माझे पाय राजारामपुरीतल्या त्याच्या घराकडेच वळतात…

आम्ही एकाच शाळेत शिकवायचो, तो गणित आणि मी मराठी. त्याचं दार दिवसभर सताड उघडं असायचं. गगनबावड्याकडच्या त्याच्या गावात लहानपणी लोक त्याला उंबऱ्याबाहेर उभं करून वरून ओंजळीत पाणी ओतायचे, म्हणून स्वतःच्या दाराला त्यानं कधी दिवसा कडी लावली नाही. त्यामुळे मूत्रपिंडं निकामी झाल्यावर डॉक्टरांनी घरी करायचं डायलिसिस सुचवलं, तेव्हा गडी अडूनच बसला. तसं ते सोयीचं होतं. पोटात कायमची एक बारीक नळी बसवायची, तिच्यातून पिशवीतलं औषधी पाणी आत सोडायचं. पोटातल्या पातळ पडद्यातून रक्तातली घाण त्या पाण्यात उतरते, मग काही तासांनी ते काढून टाकायचं आणि नवं भरायचं. दिवसातून चारदा हे केलं की दवाखान्याच्या खेपा वाचणार होत्या, शाळाही सुटणार नव्हती. पण पिशवी बदलताना जंतू आत गेले तर जिवावर बेतायचं, म्हणून तेवढा वेळ दार बंद, पंखा बंद आणि कुणाला आत घ्यायचं नाही.

"मला भाईर उभं केलं तेवढं बास झालं. मी कुणाला करणार न्हाय," तो म्हणाला. मी समजावलं, भांडलो, शेवटी रडकुंडीला आलो. तोड वहिनींनी काढली. "जो हात धुवून, तोंडाला फडकं बांधून येईल त्यो आत. नियम सगळ्यास्नी एकच." डॉक्टरांनी कुरकुरत एका वेळी एकाला परवानगी दिली आणि दामोदर तयार झाला. एकदा संस्थेचे एक बडे पदाधिकारी आले आणि हात धुवायला सांगितल्यावर फणकारले. दामोदर आतूनच म्हणाला, "साबण लावा की पावणं, मीबी लावलाय." त्यांनी निमूटपणे लावला.

संध्याकाळची पाळी माझी. भरलेली पिशवी खिडकीच्या गजाला टांगलेली, रिकामी खाली फरशीवर. पाणी उतरेपर्यंत फडक्याआडून आमच्या गप्पा चालायच्या, त्यात मुख्याध्यापकांची यथेच्छ टवाळी. मग तो पोटातून आलेलं पाणी उजेडात धरून म्हणायचा, "बघ रं, गढूळ न्हाय न्हवं?" गढूळ पाणी म्हणजे जंतू. ते निवळ दिसलं की दोघांच्याही जिवात जीव यायचा. त्या गप्पांची मला फार भूक लागते. घरात माणसं आहेत, मित्रही आहेत, पण दामोदर नाही.

रोज कोपऱ्यावरूनच मागं फिरायचो, परवा न राहवून गेलो. दार उघडंच होतं, पंखा गरगरत होता, पलंग आवरून ठेवलेला. मी जाऊन स्टुलावर बसलो. वहिनी चहा घेऊन आल्या, माझ्या ओल्या मनगटांकडे बघत राहिल्या.

"हात कशाला धुतलासा?"

कप खाली ठेवून त्या बाहेर गेल्या. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग त्या ओल्या हातांनी आत आल्या, पंखा बंद केला आणि दार लावून घेतलं.