बॅटरीपासून वीतभर अंतरावर

सुहास गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका गाडीच्या डिकीत डोकं घालून वूफरचा खोका बसवत होतो. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, हे सकाळी उठलेच नाहीत..." मी हातातला स्क्रू नीट आवळला आणि मगच बाहेर आलो. असं का केलं, आजही सांगता येत नाही. काळाचौकीच्या आमच्या दुकानात आम्ही दोघांनी बावीस वर्षं गाड्यांना म्युझिक सिस्टिम बसवल्या. त्याच्याबद्दल चांगलं लिहिण्यासारखं खूप आहे, पण आधी माझ्याबद्दलचं वाईट लिहायला हवं.

गिऱ्हाइकाला शिकवायची सुहासला भारी हौस. माणूस आवाज ऐकायला यायचा आणि हा त्याचा वर्गच घ्यायचा. समोरचा डेक गाणं वाचतो, पण त्याच्यात दम नसतो. दम देतो तो सीटखालचा नाहीतर डिकीतला अँप. दारातले स्पीकर गाणाऱ्याचा गळा सांभाळतात, काचेपाशी बसवलेले छोटे ट्वीटर टाळांची किणकिण ऐकवतात आणि ढोल वाजतो तो वूफरमध्ये. मग बॉनेट उघडून लाल वायर दाखवायचा. ती बॅटरीतून निघून पत्र्याच्या भोकातून आत शिरते आणि थेट अँपपर्यंत जाते. तिच्यावर बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज हवाच. "फ्यूज अँपसाठी नसतो रे दिन्या, वायरसाठी असतो. वायर पत्र्याला घासली तर हा आधी उडतो, म्हणून गाडी पेटत नाही." हे इतक्यांदा ऐकलं होतं की मी वैतागून जायचो.

आठ वर्षांपूर्वी गणपती तोंडावर आले होते. लालबागचे सावंत दुसऱ्या दिवशी पहाटे कोकणात गावाला निघणार होते आणि त्यांना गाडीत आरती हवी होती. सुहास सामान आणायला बाहेर गेला होता. सावंतांची घाई बघून मी मनाशी म्हटलं, तेवढ्यापुरती वायर थेट बॅटरीला जोडू, आवाज ऐकवू, फ्यूज मग घालू. डिकीतून ढोल घुमला तसे सावंतांचे डोळे भरून आले. त्यांनी मला मिठी मारली, पेढा भरवला. मी इतका फुगलो की तसंच बॉनेट लावलं आणि हात हलवून गाडी सोडली.

सकाळी दुकान उघडलं तर टेबलावर फ्यूजचं पाकीट. न फोडलेलं. त्या गाडीत सावंत, त्यांची बायको, दोन मुलं, आणि मागे म्हातारी आई मांडीवर गणपती घेऊन बसलेली. फोन लावला तर लागेना. मी सुहासला सांगितलं. त्याने एक शिवीसुद्धा दिली नाही, त्यानेच मी जास्त घाबरलो. "फोन लावत राहा," एवढंच म्हणाला आणि बाइकला किक मारली. मी टेबलाशी बसून एकच नंबर दाबत राहिलो. मधे एकदा बाहेर रस्त्यावर टायर जळल्याचा वास आला आणि मला ओकारी झाली... अकराच्या सुमारास त्याचा फोन आला. "वडखळच्या पुढे सापडले. रांगेत अडकले होते म्हणून. वायर काढलीय. बोटभर तांबं उघडं पडलं होतं रे." मी ढसाढसा रडलो.

सावंतांनी त्याला भर रस्त्यात वाटेल ते सुनावलं. तो हात जोडून म्हणाला, "वायर सकाळी मीच ओढून ठेवली होती, फ्यूज माझ्याकडून राहिला." परत आल्यावर मला हे त्याने सांगितलं नाही, सावंतांनीच सगळ्या लालबागभर केलं. मग लोक दुकानात यायचे आणि सुहाससमोरच मला म्हणायचे, "दिनेशभाऊ, तुम्ही बसवा हां." मी मान खाली घालून बसवायचो. उद्या खरं काय ते सांगू, असं म्हणत आठ वर्षं काढली. भित्रा होतो, दुसरं काही नाही.

सुहासच्या तेराव्याला सावंत आले. सगळ्यांसमोर मोठ्या मनाने म्हणाले, "चुकला एकदा, पण धावत आला. मी माफ केलं त्याला." वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी उभा राहिलो. म्हटलं, "सावंत, तो फ्यूज मी विसरलो होतो. सुहास त्या दिवशी दुकानात नव्हताच." सावंत माझ्याकडे बघतच राहिले. मी वहिनींकडे वळलो तर त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे, भावोजी. त्यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणाले, सावंतांना खरं सांग असं मी नाही म्हणणार, दिन्या आपणहून बोलेल. रोज घरी आले की म्हणायचे, आजही नाही बोलला."

रोज संध्याकाळी सुहास शटर अर्धं ओढायचा आणि आतल्या बाकावर माझ्या शेजारी दहा मिनिटं नुसता बसायचा. मला वाटायचं, दमला असेल. मीच घाई करायचो, "चल रे, निघू या." आता शटर मी ओढतो, तसंच अर्धं, आणि बाकावर बसतो. बोलायला तयार होऊन बसतो.