भिंतीपलीकडचा टेस्ट बेंच

राइस मिलच्या मागे कोंड्याचा ढीग असतो ना? एक ट्रॉली भरून नेली की संध्याकाळपर्यंत पुन्हा तेवढाच. सुधाकरच्या वर्कशॉपचे किस्से तसेच आहेत. आमची आणि त्याची भिंत एकच. त्यामुळे मला ऐकायला जावं लागत नाही, किस्से आपोआप येतात. नाही आले तर मी जाते!

सुधाकर आमच्या आरमोरीत व्हॉल्व दुरुस्त करतो. राइस मिलच्या बॉयलरवर वाफ सोडायचे, बंद करायचे ते चाकवाले जड लोखंडी व्हॉल्व. दुरुस्त झाला की आत दाब देऊन बघावं लागतं, कुठून गळत तर नाही. आधी तो सरळ कॉम्प्रेसरची हवा भरायचा आणि साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचा.

एक दिवस व्हॉल्वच्या तोंडावर बसवलेली लोखंडी चकती सुटली. आमच्या छपराचे कवेलू फोडून आत आली आणि थेट चुलीवरच्या वरणाच्या गंजात! मी मीठ आणायला उठले होते म्हणून वाचले.

सुधाकर धावत आला. "काकू, लागलं का जी?"

"मले नाई लागलं. पण आज आमी सगळे तुह्याकडे जेवाले येतो!"

तो कसाबसा हसला. त्याची बायको मंगला मात्र दारातच उभी होती. ती हसली नाही. म्हणाली, "आजपासून हे बंद. मी सोता पाहून हो म्हणत नाई तोवर एकबी व्हॉल्व तपासाचा नाई."

धानाची कापणी दोन महिन्यांवर होती. कापणी झाली की मिल सुरू होणार, आणि तपासून न देणाऱ्याकडे व्हॉल्व कोण आणणार? सगळं काम नागपूरला गेलं असतं. सुधाकर मला हळूच म्हणाला, "काकू, मंगलानं हो नाई म्हटलं तं शटर कायमचं खाली."

*

मग त्याने ठरवलं, टेस्ट बेंच, म्हणजे व्हॉल्व तपासायचं टेबल, बनवायचा. हवेवर नाही, पाण्यावर.

"पाणी काऊन?" मी विचारलं. विचारायचंच असतं!

त्याने दोन फुगे आणले. एकात हवा, एकात पाणी. हवेच्या फुग्याला सुई लावली, फाट्! पाण्याच्या फुग्याला लावली, तर नुसतं फसकन पाणी सांडलं, तेही माझ्या पायावर.

"पाहा काकू. हवा दाबून ठेवली का सुटताना उसळते. पाणी उसळत नाई. फक्त पाणी भरताना आतली हवा आधी पुरी काढून टाकाची."

मंगला मागे उभी होती. "दोन रुपयाच्या फुग्यात समजते हे! मंग वीस वर्स हवा काऊन भरली?"

सुधाकर पुढचा अर्धा तास पाण्याचा दाब द्यायला आणलेला हातपंपच पुसत बसला.

*

बेंचभोवती जाड पत्र्याची पेटी करायची होती. काही उडालंच तर पेटीतच राहावं म्हणून. सुधाकरने आधी पुठ्ठ्याची पेटी केली आणि भिंतीवरून मला हाक मारली. "काकू, या. डोकवा."

मी डोकावले. वरून मान गेली. दोन्ही बाजूंच्या फटींतून कोपरापर्यंत हात गेला. मागून तर अख्खा खांदा! तो खडूने खुणा करत राहिला.

"हे काय करून राह्यला गा?"

"तुमचा हात जिथी पोचते, तिथी पत्रा ठोकाचा. तुमी अडल्या का अख्खी आरमोरी अडली!"

त्या बेंचवर चार पत्रे माझ्या नावाचे आहेत. कोणी आलं की मी दाखवते.

*

दाब दाखवायला त्याने एक नाही, दोन गेज लावले. तेही पेटीच्या बाहेर, म्हणजे बघायला कोणी वाकू नये.

मी म्हटलं, "एकानं भागत नाई का?"

मंगलाच बोलली, "काकू, गल्लीतली बातमी तुमी सांगतली तं मी हो हो म्हणतो. पण तेच मागच्या घरच्या सुमनबाईनं बी सांगतलं, तवाच खरी मानतो."

मी तशीच उठून सुमनबाईकडे गेले.

*

एकदा चंद्रपूरहून एका कारखान्याचे साहेब बेंच बघायला आले. फार घाई. बेंचची चाचणी म्हणून एक चांगला व्हॉल्व आत, दाब चढलेला, आणि साहेब म्हणतात, "दार उघडा, जवळून बघतो."

"आता नाई उघडणार, साहेब."

"अहो, मी सांगतोय ना!" असं म्हणून त्यांनी स्वतःच कडी ओढली. एका हाताने, मग दोन हातांनी, मग पाय टेकवून. दार हललं नाही. "जाम झालंय हे!"

सुधाकरने दाब सोडायची चावी फिरवली. दोन्ही काटे शून्यावर आले. मग त्याने एका बोटाने दार उघडलं. आत दाब असेपर्यंत तोच दाब कडी धरून ठेवतो.

साहेबांची घाई संपली. खुर्ची ओढून बसले. "हे डिझाइन कुठून घेतलं?"

"मंगलाच्या कुकरवरून, साहेब. वाफ असली का झाकण निघते का?"

साहेबांनी चहा घेतला. दोनदा!

*

एवढं होऊनही मंगलाने हो म्हटलं नव्हतं. "चांगल्या व्हॉल्वनं काय समजते? फुटणारा आणा."

तोवर शेतात धान पिकून पिवळं पडलं होतं. कुरखेड्याहून डोमाजीभाऊ आले. त्यांच्या मिलचा जुना बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, व्हॉल्व ट्रॅक्टरवर घालून आणलेला. "याचा भरोसा नाई, पण पाहा," म्हणाले. बघायला अर्धी गल्ली जमली. मीही होते, हे सांगायला नको.

सुधाकरने व्हॉल्व आत बसवला. पाणी भरलं. वरची तोटी उघडून हवा काढली, अगदी शेवटचा बुडबुडा जाईपर्यंत. दार लावलं. मंगलाने त्याला बाजूला सारलं आणि पंपाचा दांडा स्वतःच्या हातात घेतला.

"मंगला, मी करतो ना."

"तुमी तिकडे उभे राहा."

काटे चढू लागले. गल्लीतल्या लोकांनी कानात बोटं घातली. कोणी भिंतीमागे गेलं. मंगला दांडा मारत होती, ओठ घट्ट मिटलेले. काटे आणखी चढले.

टिक.

काडी मोडल्यासारखा आवाज. दोन्ही काटे शून्यावर पडले. व्हॉल्वला बोटभर लांब चीर गेली होती. पेटीखालच्या ट्रेमध्ये थोडं पाणी आलं. बस.

डोमाजीभाऊंनी कानातली बोटं काढली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. चाळीस-पन्नास किलोमीटर ट्रॅक्टरवर धक्के खात आले होते बिचारे. नाराज होऊन म्हणाले, "हे काय जी? काईच तं नाई झालं!"

मंगलाने दांडा सोडला. पदराने डोळे पुसले.

"भाऊ," ती म्हणाली, "अजून एक डाव तेच म्हणा ना."