कार्ड मागनं येईल

लोक म्हणतात, बाई लय तोंडाळ झाली. झाले! मालक गेले त्या दुपारी माझ्या तोंडून उलटा शब्द फुटला नाही, म्हणून आता ते मिटत नाही.

आमचं गाव कवठे महांकाळच्या पुढं. मालक लोकांच्या द्राक्षबागांत छाटणीला जायचे. वैशाखात त्यांच्या छातीत कळ आली, तसं मोठ्या दिरांच्या जीपमधून त्यांना सांगलीच्या दवाखान्यात नेलं. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "रेशनकार्ड?" त्याशिवाय म्हणे सरकारच्या फुकट उपचाराच्या योजनेत बसत नाही. मालक स्ट्रेचरवर घामानं निथळत होते. म्हणाले, "जाऊ नगंस गं." मी म्हटलं, "आले की लगेच." आणि मी निघाले.

कार्ड घरात नव्हतंच. आमच्याकडं निम्म्या गावाची कार्डं रेशन दुकानदाराकडंच पडून असतात. दर महिन्याला ने-आण कोण करणार? दुकानाला कुलूप. दुकानदार पाहुण्यांच्या लग्नाला, दोन गावं पलीकडं. त्याला भरल्या पंगतीतून उठवून आणला, कार्ड काढायला लावलं आणि परत सांगली गाठली. दीर भिंतीला टेकून रडत होते. खिडकीतल्या माणसानं कार्ड घेतलंच नाही.

त्या माणसाचा मला राग येतो, पण त्याहून जास्त माझा येतो. हात धरून बसायचं सोडून मी कागदामागं पळाले.

रडून रडून डोळे कोरडे पडले, तेव्हा ठरवलं. ग्रामसभेत ठराव मांडायचा: आधी उपचार, मग कागद. आणि उपचार सगळ्यांना, कार्ड असो नसो. सरपंच म्हणाले, "वैनी, बायकांच्या सह्या तरी आणा." आता गावातल्या बायका एका जागी सापडायच्या कुठं? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. तिथं विधवेला कोण बोलावतंय! न बोलावता गेले. मी दारात दिसले तशा बायका पदर सावरत मागं सरकल्या. कार्यक्रम माझ्या थोरल्या जावेकडंच होता, तीही गडबडली. मी म्हटलं, "कुंकू नको, वाण नको. सही द्या."

"मालकास्नी इचारून देते," शेजारीण पुटपुटली.

"मालक स्ट्रेचरवर पडल्यावर इचारणार हाईस व्हय गं?"

ती जावेच्या आड सरकली. पण जावेनं वाणाचं ताट खाली ठेवलं आणि पहिली सही केली. मग बाकीच्या पुढं सरकल्या. लिहिता न येणाऱ्या म्हाताऱ्यांनी कुंकवात अंगठा बुडवून कागदावर उठवला.

सव्वीस जानेवारीला ठराव मंजूर झाला. वर जाऊन तो कुठल्या कपाटात बसलाय, देव जाणे. त्याची एक प्रत मी पिशवीत घेऊन फिरते, आणि तालुक्याला गेले की विचारल्याशिवाय येत नाही.

परवा त्याच शेजारणीच्या मालकांच्या छातीत दुखायला लागलं. मी बरोबर गेले. तोच दवाखाना, तीच खिडकी, तोच प्रश्न. शेजारीण पदर खोचून निघालीच कार्ड आणायला. मी तिचा दंड धरला आणि तिला स्ट्रेचरपाशी बसवली. "हितनं हलायचं न्हाई." मग ठरावाची प्रत खिडकीवर आपटली आणि सगळा दवाखाना ऐकेल असं ओरडले, "आधी माणूस बघा! कार्ड मागनं येईल!"

आतून डॉक्टरीणबाई धावत आल्या. स्ट्रेचर आत गेलं, मागोमाग शेजारीणही. कार्ड संध्याकाळी तिच्या दिरानं आणलं, तोवर तिचे मालक सावरून पाणी मागत होते.

मी बाहेर पायरीवर बसून पोटभर रडले. "जाऊ नगंस गं," माझे मालक म्हणाले होते. या वेळी मी कुणाला जाऊ दिलं नाही.