एप्रिलअखेर मराठी गुणपत्रक

८ एप्रिल १९८९. शनिवार होता, कॉलेज सकाळचं. साडेबाराला घरी येऊन, जेवून मी पत्रकाचं स्टेन्सिल कापायला बसले होते. मेणकागदावर लोखंडी टोकाच्या लेखणीने अक्षरं कोरायची, मग त्यांतून शाई झिरपून प्रती निघतात. हात हलका पडला तर अक्षर उमटत नाही, जड पडला तर ‘ठ’च्या पोटातला तुकडा सुटून येतो आणि कागदाला भोक पडतं. चुकलं की त्यावर लाल द्रव लावायचा, वाळू द्यायचा आणि पुन्हा कोरायचं. त्या दुपारी मी एकाच वाक्यावर तिसऱ्यांदा लाल द्रव लावला होता.

मी पॉलिटेक्निकमध्ये गणित शिकवत असे. वय सेहेचाळीस. आई गेल्यापासून नागपूरच्या लकडगंजात लाकडाच्या वखारीच्या वरच्या दोन खोल्यांत एकटी राहत होते. खाली दिवसभर आरा मशीन चाले. रविवारी ते बंद असलं की मला उलट चैन पडत नसे.

कॉलेजात संगणक आला तेव्हा त्या खोलीची किल्ली माझ्याकडे आली, कारण दुसऱ्या कुणाला ती नको होती. सुट्टीच्या दिवसांत मी शाळांसाठी निकाल लावण्याचा एक प्रोग्राम लिहिला. गुण भरले की बेरीज, टक्के, वर्गातला क्रमांक आणि नापासांची यादी आपोआप निघे. तो मी कुणालाही फुकट देत असे. रिकामी फ्लॉपी आणा, भरलेली न्या. सोबत सगळ्या प्रोग्रामची छापील प्रतही देई, म्हणजे आत काय लिहिलं आहे ते कुणालाही वाचता यावं आणि ज्याला बदल हवा त्याने मला न विचारता करावा. केलेला बदल मला कळवावा, एवढीच विनंती. सरकारी पगार घेऊन सरकारी यंत्रावर केलेली वस्तू विकायची कशी, हा त्यामागचा साधा विचार होता. शहराबाहेरच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट गोदामाच्या कारकुनाने तर विद्यार्थ्यांच्या जागी पार्सलं घातली होती. त्याच्या यादीत नापास म्हणजे न पोहोचलेला माल.

दर तीन महिन्यांनी मी या सगळ्यांना एक पानी पत्रक पाठवी. काय सुधारलं, काय अजून बिघडलेलं आहे आणि शेवटी ‘पुढे काय’. उत्तरं क्वचित येत. आली तर काहीतरी बिघडलं म्हणून. प्रोग्राम नीट चालत असला की सगळीकडे शांतता. त्या शांततेत आपलं काम कुणाच्या उपयोगी पडतं आहे की फ्लॉप्या कपाटात पडून आहेत, हे कळायला काही मार्ग नव्हता.

जानेवारीच्या पत्रकात ‘पुढे काय’खाली मी लिहिलं होतं: मराठी गुणपत्रक, एप्रिलअखेर. तोवर आमचा निकाल इंग्रजी अक्षरांतच छापला जाई. मराठी अक्षरं कॉलेजातला माझा एक तरुण सहकारी करत होता. आलेखाच्या कागदावर चौकोन भरून एकेक अक्षर ठिपक्यांत बसवायचं, मग ते यंत्राला शिकवायचं. संध्याकाळी वर्ग सुटले की तो एका टेबलाशी, मी दुसऱ्या टेबलाशी. बोलणं फारसं होत नसे. त्याला मुंबईत नोकरी लागली आणि फेब्रुवारीत तो गेला. सुटी अक्षरं आणि अंक तयार होते, जोडाक्षरं नव्हती. जोडाक्षरांशिवाय मराठी गुणपत्रक कसं होणार? त्यात ‘विद्यार्थी’ हा शब्दच छापता येईना. मी त्याला दोन पत्रं लिहिली. एकाला उत्तर आलं: बघतो.

मी कुणालाही काही कळवलं नाही. आपण रोज संध्याकाळी बसू आणि करून टाकू, असं मला वाटलं. मी बसतही होते. दोन महिन्यांत नऊ जोडाक्षरं झाली.

म्हणून त्या दुपारी मी कोरत होते: ‘काही अपरिहार्य तांत्रिक कारणांमुळे मराठी गुणपत्रक थोडे लांबणीवर पडत आहे.’ इतक्यात खालून वखारीच्या दिवाणजींनी हाक मारली.

“मॅडम, एक बाई ऑफिस कुठं म्हून पुसून राह्यल्या! मी म्हनलं आपल्याकडे ऑफिस नाही, लाकूड आहे!”

जिन्यावरून पस्तिशीची एक बाई वर आली. सुती पातळ, खांद्याला पिशवी, हातात पोळ्यांचा रुंद डबा आणि त्याभोवती ओलं फडकं. दारात उभी राहून तिने आतली खाट, माठ आणि माझा मेणकागद पाहिला.

“ऑफिस हेच का जी?”

“हेच.”

“बाकीचे लोक जेवाले गेले का?”

“बाकीचे कुणी नाहीत. बसा.”

ती बसली नाही. खापा गावच्या एका शाळेत ती कारकून होती. त्या शाळेचं नाव माझ्या वहीत होतं. गावातल्या एका दात्याने त्यांना संगणक दिला होता. डब्यात फ्लॉप्या होत्या, उन्हाने वाकू नयेत म्हणून तिने बसमध्ये तो डबा मांडीवर धरून आणला होता. पिशवीतून तिने जानेवारीचं पत्रक काढलं. ‘एप्रिलअखेर’खाली लाल पेन्सिलीची रेघ होती.

“हे मराठी गुणपत्रक न्याले आली मी. आमचा निकाल एक मेले आहे, महिनाअखेरपावेतो थांबलं तं जमत नाही.”

एक मेला महाराष्ट्रभर झेंडा लागतो आणि शाळांचे निकाल लागतात. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण ‘एप्रिलअखेर’ लिहिताना मी माझ्या कामाचे दिवस मोजले होते, त्यांचे नव्हे.

“ते होणार नाही,” मी म्हटलं.

“आज नाही होनार?”

“एक मेपर्यंत नाही. जूनचंही सांगता येत नाही.”

मग ती बसली. मी पाणी दिलं. ते तिने अर्धं प्यायलं आणि पेला खाली ठेवून विचारलं, “मंग लिवलं काहून?”

मी सहकाऱ्याचं सांगितलं. जोडाक्षरांचंही सांगितलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

“ते फेब्रुवारीत गेले तं फेब्रुवारीत कळवाचं. पोस्टकार्ड भेटत नाही का नागपुरात?”

मी लाल द्रवाच्या बाटलीला झाकण लावलं.

“दरवर्षी आमी फेब्रुवारीत छापखान्यात गुणपत्रकाचे कोरे फॉर्म सांगतो,” ती म्हणाली. “औंदा मीच हेडमास्तरले म्हनलं, सांगू नका, नागपूरवाले मशीनवर छापून देऊन राह्यले. परवा हेडमास्तरनं सहज पुसलं तं छापखानेवाला म्हन्ते लग्नपत्रिकेतून मान वर काढाले टाइम नाही, मे संपल्यावर या. आमाले हात आहेत, मॅडम. तुमी नाही म्हनलं असतं तं फॉर्म आनून हातानं लिवले असते. तुमी वाट पाहाले लावलं.”

“हेडमास्तर काय म्हणाले?”

“म्हनाले, मशीनचं नाही जमलं तं पालकांपुढं तुमालेच उभं करतो. आनि त्या खोक्याले कपाटात टाकतो.” ती डब्याकडे पाहत होती. “ते मशीन शाळेत मी एकलीच चालवतो. दोन मास्तर शिकाले आले होते, आठ दिवसांत पळाले. ते कपाटात गेलं तं मी पुन्हा मस्टर आनि घंटी.”

तिची गोष्ट मला आतून माहीत होती. किल्ली कुणाला नको असते म्हणून ती एका बाईकडे येते, आणि काही बिघडलं की तिच्याच हातून काढून घेतात.

हळहळण्यात अर्थ नव्हता. मी तिला विचारलं, “गुणपत्रकात मराठी अक्षरं कुठे कुठे लागतात?” आम्ही जुना फॉर्म पुढे घेतला. विषयांची नावं, मथळा, ‘वर्गशिक्षकाची सही’ हे सगळ्यांना सारखंच. मुलाचं नाव वेगळं. बाकी सगळे अंक. आणि अंक माझ्याकडे मराठीत तयार होते.

“सारखं आहे ते स्टेन्सिलवर कापू,” मी म्हटलं. “सायक्लोस्टाइल करून कोरे फॉर्म करू. त्यांवर मशीन फक्त अंक छापेल. नावं तुम्ही हाताने लिहा.”

“नावं लिहू. नावाले काय.”

मी पत्रकाचं स्टेन्सिल बाजूला सारलं आणि दुसऱ्या मेणकागदावर गुणपत्रक कापलं. ती शेजारी बसून ओळी सांगत होती. तिने आमच्या प्रोग्राममध्ये स्वतःच चित्रकलेच्या श्रेणीसाठी एक रकाना वाढवला होता, हे मला तेव्हा कळलं.

“कळवलं का नाही?” मी विचारलं.

“मले वाटलं तुमच्याकडं मोठमोठे लोक असतीन. हसतीन.”

अडीचला लुनावर तिला मागे बसवून कॉलेजात गेले. सायक्लोस्टाइलचं यंत्र मीच फिरवलं, शिपाई नव्हता. मग प्रिंटरला लावलेल्या पहिल्या फॉर्मवर भूगोलाचे गुण इतिहासात पडले. दुसऱ्यावर सगळे अंक रेघेवर बसले. प्रोग्राममधली एक संख्या बदलली, तरी बेरीज चौकटीबाहेर गेली. सहावा कागद बरा आला.

मधल्या वेळात ती आलेखाच्या कागदांची फाइल चाळत होती.

“हेच का ते अडलेलं काम? चौकोनात ठिपके भराचे?”

“हो.”

“ठिपक्याची रांगोळी तं लहानपनापासून काढतो आपन.” तिने पेन्सिल घेतली आणि ‘द्य’ काढायला बसली. दहा मिनिटांनी आम्ही तो छापून पाहिला.

“पोट सुटलं याचं,” ती म्हणाली.

“माझ्या पहिल्या जोडाक्षराचंही सुटलं होतं.”

तिने दुसरा काढला. तो वाचता येत होता. जाताना काही कोरे आलेखाचे कागद तिने डब्यात फ्लॉप्यांखाली ठेवले. मीही थांबवलं नाही, आणि कधी पाठवाल हेही विचारलं नाही. तारीख मागायचा मला काय अधिकार होता!

बदललेला प्रोग्राम आणि मराठी अंक मी तिच्या फ्लॉपीवर उतरवले, शाळेला पुरतील इतके कोरे फॉर्म आम्ही मोजून बांधले, वर नमुन्याचं छापलेलं पान ठेवलं. बसस्टँडवर मी तिला विचारलं, हेडमास्तर हे चालवून घेतील का?

“अर्धं हातानं, अर्धं मशीननं,” ती म्हणाली. “बोलतीन. पन फॉर्म तं आहे हातात, समोर उभं राहाले.” मग बसमध्ये चढता चढता वळून म्हणाली, “मॅडम, आनखी किती शाळांनी फॉर्म थांबवले असतीन वं?”

बस निघून गेली.

घरी आले तेव्हा आरा मशीन बंद झालं होतं. वहीत बघितलं. प्रोग्राम नेलेल्या अकरा शाळा होत्या, खाप्याची धरून. त्यांतल्या कितींनी ‘पुढे काय’ वाचलं, कितींनी त्यावर भरवसा ठेवला, हे विचारायला ना माझ्याकडे फोन होता ना कुणी माणूस. आजवर मी त्यांच्या शांततेचा अर्थ लावत बसले होते की कुणी वाचत नाही. ते वाचत होते आणि वाट पाहत होते. मी एकटी आहे हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांना माझ्या खोलीच्या जागी ऑफिस दिसत होतं.

खिचडी लावली. ती होईपर्यंत दुपारचं वाक्य पुन्हा वाचलं. ‘अपरिहार्य तांत्रिक कारणांमुळे’. हे वाक्य वाचून कुणीही अजून पंधरा दिवस थांबलं असतं. मेणकागद फाडला. नव्यावर कोरलं: मराठी गुणपत्रक यंदा होणार नाही. अक्षरं करणारा माणूस गेला आहे आणि आता हे काम मी एकटी करते. कोरे फॉर्म आणि मराठी अंकांची फ्लॉपी हवी असेल तर कॉलेजात मिळतील. पुढची तारीख काम झाल्यावरच कळवीन. ज्याला जोडाक्षरं काढता येतात त्याने लिहावं.

एवढं लिहून झाल्यावर कुणाला तरी वाचून दाखवावं असं फार वाटलं. दिवाणजी घरी गेले होते. मी मोठ्याने एकदा वाचलं आणि जेवायला बसले. जेवताना लक्षात आलं की पत्रक सोमवारी छापून टपालात पडणार आणि आड गावांना पोचेपर्यंत आठवडा जाणार. तोवर छापखाने आणखी भरतील.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी सातला मी तार ऑफिसात गेले आणि खापा सोडून उरलेल्या दहा शाळांच्या नावे तारेचे दहा फॉर्म मागून पहिला भरून दिला. खिडकीतल्या माणसाने तो वाचला: ‘मराठी गुणपत्रक होणार नाही. थांबू नका. फॉर्म छापून घ्या.’

“बाई, लग्नाची नाही, मयताची नाही. ही कोणती तार?”

“निकालाची.”

“आनि पाठवनारा कोन? संस्थेचं नाव लिवलं नाही तुमी.”

“संस्था नाही. माझंच नाव घाला.”

तो शब्द मोजू लागला. मी दुसरा फॉर्म पुढे ओढून पत्ता लिहायला घेतला.