टेकडीला आवळलेला दोर

बाळ झोपलं की श्वासाची तपासणी सुरू करायची, असा दवाखान्यातल्या आमच्या खोलीचा नियम. आज बाळाआधी मलाच पेंग येते आहे. दुपारचे तीन वाजलेत, खिडक्या झाकलेल्या, पंखा कुरकुरतो आहे. दिवस भरायच्या दोन महिने आधी जन्मलेली ललिताची मुलगी दुपट्यात गुंडाळून समोर निजली आहे. तिच्या नाकातोंडावर मऊ मास्क, मास्कची नळी यंत्रात. सकाळी तिच्या श्वासाचा आकडा कमी आला. आताही तसाच आला तर ऑक्सिजन सुटणार नाही, आणि ललिताचं घरी जाणं पुन्हा लांबेल. ती कोपऱ्यात बसून माझ्या तोंडाकडे बघते आहे.

स्क्रीनवरच्या रेषेकडे बघता बघता माझे डोळे मिटतात.

"सरक जरा," घोरपडे सिस्टर म्हणतात. त्यांनीच मला हे काम शिकवलं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, आणि तरी त्या शेजारी बसल्यात याचं मला नवल वाटत नाही.

"यंत्र आलं आणि पोरांच्या पोटाला हात लावायचा सोडलास व्हय गं?"

मी ओशाळून खाली बघते, तर फरशी नाही, गवत आहे. आम्ही एका टेकडीवर उभ्या आहोत. टेकडी हळूच वर येते, खाली जाते. तिच्याबरोबर झाडं, आभाळ आणि आम्ही दोघीही. मी सिस्टरांचा पदर घट्ट धरते. माझे डोळे भरून येतात.

"केवढं मोठं आहे हे, सिस्टर!"

"दोन किलोचं," त्या म्हणतात. "आता नीट बघ."

टेकडीच्या कमरेला काळा दोर आवळलेला आहे. वर येताना ती तिथेच अडते.

"हे कुणी बांधलं?"

"आईनं, मायेनं. बाराव्या दिवशी बांधला. पोर भरली, दोर हाय तेवढाच. तिला रागं भरू नकोस."

मी गुडघे टेकून दोराखाली बोटं घालते.

"मॅडम, डोळा लागला व्हय?" ललिता म्हणते. "बघा की, रेघ किती वर चाललीया!"

खरंच, रेषा सकाळपेक्षा उंच आहे, संथ आणि सलग. मी दुपटं उलगडते. इवल्या पोटावर लाल वळ उमटलेला आहे.

"करगोटा कुठं गेला हिचा?" ललिता घाबरते. "मी हितंच बसलीया. तुम्ही तर हललासुदिक नाही."

मी मूठ उघडते. काळा करगोटा तळहातावर आहे, आणि त्याची गाठ सुटलेली नाही.