चर्चमधली बैठक

दिल्लीत मयूर विहारच्या घरात कपाटाला पॉलिश केलं की त्या वासाने मला इंग्लंडमधल्या एका खेड्यातलं जुनं चर्च आठवतं. तिथली प्रार्थनेला गुडघे टेकायची भरतकाम केलेली उशी सासूबाईंनी थेट फरशीवर टाकली आणि तिचं आसन करून मांडी घातली. मग त्यांचे गुडघे धरले, उठता येईना. शेवटची बस दहा मिनिटांत होती. मी त्यांना ओढून उठवत असताना चर्चमध्ये फुलं रचणारी एक म्हातारी धावत आली, तर सासूबाई हाताने जागा दाखवत सवयीने हिंदीत म्हणाल्या, "आइए, बैठिए ना." ती खरंच दुसरी उशी घेऊन शेजारी बसली. "आई, बस जाईल." "अगं, पाहुणी आत्ताच बसलीय, लगेच कसं उठायचं?" बस गेली. मग कळलं, म्हातारीलाही उठता येत नव्हतं. दोघींना मी एकटीने उभं केलं. आता माझेही गुडघे गेलेत. खाली बसण्याआधी उठवणारं कुणी जवळ आहे ना, ते मी बघून घेते.